जेफ्री बोक्याचे स्तोत्र

वॉल्टर हसी हे इंग्लंडातल्या नॉर्थहॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चचे पाद्री. वडील तिथले पहिले पाद्री, त्यांच्यानंतर गादी यांच्याकडे आलेली. १९४३ मध्ये चर्चला पन्नास वर्षे होत होती. युद्ध ऐन भरात, आणि यांचा हट्ट असा की सोहळ्याला कोरे करकरीत संगीत हवे, तेही हयात असलेल्या संगीतकाराचे. एके काळी कलावंत पोसणाऱ्या चर्चने त्यांच्याकडे पाठ फिरवली, ही त्यांची जुनी खंत. त्यांनी बेंजामिन ब्रिटनला पत्र घातले. ब्रिटन अजून तिशीच्या आत, युद्धाला विरोध करणारा, आदल्याच वर्षी अमेरिकेतून परतलेला. तो हो म्हणाला.

शब्द त्याने निवडले ते ख्रिस्तोफर स्मार्टच्या एका कवितेतले. ही कविता त्याला कवी ऑडनने दाखवली होती. स्मार्ट अठराव्या शतकातला. लहर आली की भर रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करायचा, येणाऱ्याजाणाऱ्यालाही सोबत बोलवायचा. १७५७ मध्ये त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली, पुढे बेथनल ग्रीनच्या खासगी कोंडवाड्यात. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचे मत वेगळे होते: याच्यासोबत प्रार्थनेला बसायला आपली काहीच हरकत नाही. कोंडवाड्यातल्या त्या वर्षांत स्मार्टने ही कविता, ‘जुबिलाते आग्नो’, लिहिली. सोबतीला जेफ्री नावाचा बोका. कवी १७७१ मध्ये कर्जापायी तुरुंगात मेला. कवितेची सुटी पाने छापली गेली ती थेट १९३९ मध्ये, ‘बेडलॅमचे गाणे’ अशा उपशीर्षकाने. स्मार्ट बेडलॅम या दुसऱ्याच वेड्यांच्या इस्पितळात कधी नव्हताच, पण नाव खपणारे होते.

ब्रिटनने त्या पसाऱ्यातून थोड्याच ओळी उचलल्या. त्यांतून घडलेले ‘रिजॉइस इन द लॅम्ब’ जेमतेम सतरा मिनिटांचे आहे. बोक्याचे गुण एकटा मुलगा कोवळ्या, उंच आवाजात गातो आणि खाली ऑर्गन अंग मोडत, वळणे घेत चालतो. उंदीर आल्टोच्या वाट्याला, फुले टेनरच्या. मग अचानक सारा क्वायर कवीच्या छळाविषयी गाऊ लागतो, आणि बोक्यावर हसलेल्या श्रोत्याला सावरायला वेळ मिळत नाही. मला या रचनेत सर्वांत मोठी वाटते ती हीच जागा. वर्धापनाच्या आनंदसोहळ्यात वेड्याची तक्रार गाऊ देणारा पाद्रीही विरळाच. २१ सप्टेंबर १९४३ रोजी, संत मॅथ्यूच्या सणादिवशी, ते पहिल्यांदा गायले गेले.

पुढे १९५० मध्ये विल्यम बाँड या अभ्यासकाने दाखवून दिले की स्मार्टच्या कवितेची पाने जोडीजोडीने वाचायची आहेत. एका पानावरच्या ओळीला दुसऱ्या पानावरची ओळ उत्तर देते, समोरासमोर बसलेले दोन गट आळीपाळीने स्तोत्र म्हणतात तसे. म्हणजे कवितेची घडणच क्वायरची होती. ब्रिटनच्या हाती आलेल्या पुस्तकात ही जुळणी नव्हती. बोक्याच्या ओळींना उत्तर देणारी पाने तर आजवर कुठे मिळालेलीच नाहीत.