योआखिम क्यूटनर: वाऱ्याच्या लाटा शोधणारा वैमानिक

योआखिम क्यूटनर (१९०९–२०११) हे जर्मन वैमानिक आणि हवामानशास्त्रज्ञ. जन्म ब्रेस्लाऊचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफचा. आधी कायद्यात डॉक्टरेट घेतली. पुढे ग्लायडिंगच्या वेडातून ते हवामानशास्त्राकडे वळले.

डोंगर ओलांडून आलेला वारा पलीकडे लाटेसारखा वरखाली होतो. वारा पुढे धावतो, पण लाटेच्या माथ्यावरचा ढग जागीच उभा दिसतो. १९३७ मध्ये अशाच लाटेवर क्यूटनर यांनी ग्लायडर सुमारे ६,८०० मीटर उंच नेलं. याच लाटांखालचे भोवरे विमानांसाठी धोक्याचे असतात.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनीसाठी चाचणी वैमानिक होते. ‘गिगांट’ हे अवाढव्य मालवाहू विमानही त्यांनी उडवलं. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि सिएरा नेवाडा पर्वतावरच्या लाटांच्या अभ्यासात उतरले. पुढे नासात त्यांनी मर्क्युरी-रेडस्टोन प्रकल्प सांभाळला. याच रॉकेटनं ५ मे १९६१ रोजी ॲलन शेपर्ड हे अंतराळात जाणारे पहिले अमेरिकन ठरले.

नंतर क्यूटनर पुन्हा हवामानाकडे आले. १९७४ चा अटलांटिकवरचा आंतरराष्ट्रीय प्रयोग आणि १९७९ चा ‘मोनेक्स’ हा मान्सूनचा प्रयोग, दोन्हींत त्यांचा मोठा वाटा होता. वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचं निधन झालं.