संगणकाचा ताप

संगणकाचा इतिहास सांगतांना त्याच्या वेगाचें कौतुक सर्वच जण करतात. त्या वेगाबरोबर जन्मास येणाऱ्या उष्णतेची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आणि यंत्राची खरी धांव किती, हें पुष्कळदां तीच ठरवीत आली आहे.

१९४६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें ‘एनिअॅक’ हें यंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. खर्च झालेल्या विजेची अखेर उष्णताच होते. म्हणून तें निवविण्यासाठीं मोठे पंखे एकसारखे चालवावे लागत. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्यें तर गणित करणारे भाग एका वीजरोधक द्रवांतच बुडवून ठेवले होते. मांडीवर घेण्याच्या लॅपटॉपला असा थाट कोठून परवडणार?

त्याच्या मदतीस आली ती उष्णता-नलिका. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं ती सिद्ध करून दाखविली. लॅपटॉपांत असते ती बहुधा तांब्याची बंद नळी. आंतील हवा काढलेली, आणि तींत थोडेंसें पाणी. हवा नसल्यामुळें तें पाणी थोडक्या उष्णतेनेंहि उकळतें. प्रोसेसरजवळच्या टोंकाला वाफ होते, ती दुसऱ्या टोंकाला धांवते, तेथें पंख्याच्या वाऱ्यानें निवते. आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें पाणी नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून परत येतें. हा फेरा अखंड चालतो, आणि नलिकेला स्वतःची वीज मुळींच लागत नाहीं! मला तरी विजेच्या पंख्यापेक्षां हिचेंच नवल अधिक वाटतें.

तरीहि मर्यादा राहतेच. फार तापला कीं प्रोसेसर स्वतःचा बचाव म्हणून आपण होऊन मंदावतो. २००४ सालीं इंटेल कंपनीनें आपला एक आगामी प्रोसेसर रद्द केला. वेगाच्या नुसत्या शर्यतीला उष्णतेनें घातलेला तो लगामच होता. त्याचें सांकेतिक नांव, गंमत पाहा, ‘तेजस’ असें होतें.

पुढें जुलै २०१८ मध्यें डेव्ह ली या समीक्षकानें अॅपलच्या नव्या, महागड्या मॅकबुक प्रोवर एक चित्रफीत तयार करण्याचें जड काम घातलें. त्याला सुमारें ३९ मिनिटें लागलीं. आदल्या वर्षीच्या यंत्राला ३५! मग त्यानें नवें यंत्र चक्क फ्रीझरमध्यें ठेवलें, तेव्हां तेंच काम २७ मिनिटांत झालें. अंतर्गत आज्ञावलींत एक अंकीय किल्ली राहून गेली होती, असें सांगून अॅपलनें लौकरच दुरुस्ती दिली. पण गिऱ्हाइकानें पैसे मोजले होते ते खोक्यावरच्या आकड्यासाठीं. हा आकडा खोटा नसतो. परंतु पहिल्या फर्लांगावरून घोड्याची किंमत करावी, त्यांतलाच तो प्रकार.

२०२० सालीं अॅपलनें ‘एम-१’ हा प्रोसेसर दोन लॅपटॉपांत बसविला. ‘एअर’ला पंखा नव्हता, ‘प्रो’ला होता. थोड्या वेळाच्या कामांत दोघे जवळजवळ बरोबरीनें चालत. काम लांबलें कीं ‘एअर’ मागें पडूं लागे.