सांभरचे मीठ आणि जकातीचे कुंपण

मराठी माणसाच्या बोलण्यात मिठाला मोठा मान आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हे आपण सज्जनाचे लक्षण मानतो, आणि जुळत आलेल्या कामात कोणी मिठाचा खडा टाकला तर त्याला सहसा क्षमा करीत नाही. पोटापाण्याच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून जयपुरात स्थिरावलेल्या आम्हां मंडळींनी ज्या भूमीचे मीठ खाल्ले, त्याच भूमीत शहराच्या पश्चिमेस सांभरचे विस्तीर्ण खारे सरोवर पसरलेले आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही या सरोवराचीच कथा निवडली आहे. तिला कारणही घडले आहे.

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर पन्नास टक्क्यांवर नेला. त्या दिवसांत जोहरी बाजारातील रत्नांच्या पेढ्यांपासून सांगानेर आणि बगरू येथील ठशांच्या छपाईच्या कारखान्यांपर्यंत एकच चर्चा होती: दूरच्या राजधानीत कोणी एक आकडा लिहितो आणि येथे पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या हातचे काम थांबते, हा न्याय कोणता? प्रश्न रास्त आहे; पण तो नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच जयपूर राज्याच्या मिठाबाबत तो उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या कोकणातील मिठागरांपर्यंत जावे लागते.

जयपूर हे मुळातच व्यापारासाठी वसविलेले नगर होय. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली त्याची स्थापना केली, तेव्हा रुंद सरळ रस्ते आणि सारख्या धाटणीच्या दुकानांच्या रांगा यांची आखणी आधी झाली आणि व्यापाऱ्यांना बाहेरून बोलावून वसविण्यात आले. याच जयसिंहांच्या पदरी सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी भूमितीचा युक्लिडप्रणीत ग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. म्हणजे मराठी माणसाचा या शहराशी संबंध शहराइतकाच जुना आहे. मात्र तो सर्वस्वी गोड नाही. पुढल्या पिढीत मराठी फौजा येथे खंडणीच्या वसुलीसाठी येऊ लागल्या. त्या तगाद्याच्या कात्रीत सापडून सवाई ईश्वरीसिंह यांनी १७५० च्या अखेरीस विषप्राशन केले, आणि जानेवारी १७५१ मध्ये शहरात आलेल्या मराठ्यांची नागरिकांनी कत्तल केली. वसुली करणारा आणि वसुली देणारा यांच्यामध्ये विश्वास उरला नाही म्हणजे काय होते, याचा हा कटू धडा आपल्या इतिहासात आहे. तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

जकात ही मात्र नेहमीच जुलमाची असते असे नव्हे. शिवछत्रपतींचे १६७१ सालचे एक पत्र या संदर्भात प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले आणि स्वराज्यातील मीठ पडून राहण्याची वेळ आली. तेव्हा महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. आपल्या प्रदेशातील मिठागरे जगावीत, हा त्यामागील हेतू. येथे जकात लावणारा राजा आणि जिच्यासाठी ती लावली ती प्रजा एकाच भूमीत नांदत होती, आणि निर्णय चुकला असता तर त्याची झळही त्याच राज्याला लागली असती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. कारण पुढील हकीकत अगदी याउलट आहे.

सांभर सरोवर जयपूर आणि जोधपूर या दोन्ही राज्यांच्या सामाईक मालकीचे होते. १७०८ साली दोन्ही राजांनी मिळून मोगल फौजेला सांभर येथे हरविले, तेव्हापासूनची ही शामलात. पावसाळ्यात सरोवर भरे, उन्हाळ्यात पाणी आटे, आणि मागे राहिलेले मीठ बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून दूरदूर नेत. आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात ज्यांना आपण लमाण म्हणतो ते हेच लोक. लमाण हा शब्दच ‘लवण’ यावरून आला असे सांगतात. राजपुतान्यातून दक्षिणेत उतरलेल्या या तांड्यांची बोली आजही यवतमाळ-नांदेडकडे ऐकू येते. जयपूर आणि महाराष्ट्र यांना जोडणारा तो एक जिवंत धागाच आहे.

सांभरला मीठ आण्यांच्या हिशेबाने मिळे. परंतु ते इंग्रजी मुलखात गेले की त्यावर मणाला तीन रुपये कर द्यावा लागे. आग्रा, दिल्लीकडील प्रांतांत १८६१ नंतर हाच दर होता. मूळ किमतीच्या कित्येक पट कर असला म्हणजे चोरटा व्यापार होणारच. तो अडविण्यासाठी इंग्रज सरकारने मुलखाच्या मधोमध जकातीची एक रेषा आखली. ती सिंधू नदीपासून निघून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद असे वळसे घेत आपल्या बऱ्हाणपुरापर्यंत आणि पुढे महानदीकडे जाई. लांबी सुमारे २,३०० मैल, पहारेकरी सुमारे १२,०००. या रेषेच्या मोठ्या भागावर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जिवंत कुंपण वाढविण्यात आले. ते पुरुषभर उंचीपेक्षाही उंच आणि इतके दाट की माणसाने त्यातून जाणे अशक्य. जेथे झाड जगत नसे तेथे वाळलेल्या काट्यांची रास किंवा दगडी भिंत. ठराविक चौकीतूनच माल सुटे, आणि चौकीवर झडती, खोळंबा व चिरीमिरी यांतून कोणाची सुटका नसे. राजपुतान्याकडे जाणाऱ्या साखरेवरही याच रेषेवर कर घेत. म्हणजे येणारे मीठ आणि जाणारा गोडवा, दोन्ही काट्यांतून जात.

हे कुंपण वाढविण्यात ज्यांचा मोठा हात होता ते अंतर्गत जकातीचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम साहेब ते हेच. इतिहासात अशा गाठी असतात. एवढा खर्च आणि एवढे मनुष्यबळ काट्यांच्या राखणीत घालविण्यापेक्षा मिठाचा उगमच हाती घ्यावा, हा विचार सरकारात बळावला. १८६९ साली जयपूरचे महाराजा रामसिंह यांच्याशी आणि १८७० साली जोधपूरशी करार होऊन सांभर सरोवर इंग्रज सरकारने भाडेपट्ट्याने घेतले. १८७९ साली राजपुतान्यातील अनेक संस्थानांशी आणखी करार झाले. डीडवाना, पचपदरा इत्यादी जोधपूरची आगरे इंग्रजांकडे गेली, भरतपूरसारख्या राज्यातील मीठ पिकविणे बंद पडले, आणि संस्थानांनी आपल्या हद्दीत मिठावर रहदारीचा कर घेऊ नये असे ठरले. उगम हाती आल्यावर रेषेची गरज संपली. १ एप्रिल १८७९ पासून ती उठविण्यात आली आणि कुंपण वाळून गेले. सरकारी अर्थखाते सांभाळणाऱ्या जॉन स्ट्रेची यांनीच, कोणत्याही सुसंस्कृत देशात हिला तोड सापडणे कठीण, अशा आशयाचे उद्गार या व्यवस्थेबद्दल काढले आहेत.

कुंपण गेले हे चांगलेच झाले. पण ते कोणाच्या खर्चाने गेले? करारांतील भाडे आणि भरपाई दरबारांच्या नावे लिहिली गेली. पिढ्यान् पिढ्या मीठ पिकविणाऱ्या खारोल कुटुंबांना त्या वाटाघाटींत आवाज नव्हता. ज्या प्रजेच्या दारात मीठ पिकत होते तिलाही आता इंग्रजी कर भरलेलेच मीठ घ्यावे लागले. राजाची गादी राहिली, ध्वज राहिला, परंतु प्रजेच्या भाकरीतील मिठाचा भाव ठरविण्याचा अधिकार गेला. रणांगणावर न हरता राज्याचे स्वत्व कसे जाते, याचे सांभरइतके स्पष्ट उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. त्याच सुमारास रेल्वे सांभरपर्यंत आली आणि बंजाऱ्यांच्या बैलांचे कामही संपले.

याची दुसरी किंमत आपल्या महाराष्ट्राने भरली. रेषा उठवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे दर जवळ आणणे भाग होते. तोवर मुंबई इलाख्यात मिठावरील कर मणाला १ रुपया १३ आणे होता. तो २ रुपये ८ आणे करण्यात आला. उत्तरेकडील दर तेवढा उतरविला गेला. ही वाढ झाली तेव्हा दख्खनवर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ होता. सोलापूर-साताऱ्याकडचा शेतकरी अन्नाला महाग झाला असता, त्याच्या मिठाचा कर दिल्ली-आग्र्याकडील हिशेब जुळविण्यासाठी वाढला. राजपुतान्यातील खारोल आणि कोकणातील आगरी यांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. पण एकाच सरकारी ताळेबंदाने दोघांनाही बांधले होते.

या कराविरुद्ध सनदशीर लढा देणाऱ्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते. १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी सरकारी शिल्लक दाखवून मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. १८८८ साली पुन्हा अडीच रुपयांवर गेलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला, आणि मिठाचा खपही वाढला. गरीब माणूस कर चढला की मीठसुद्धा हात राखून खातो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९३० साली दांडीला गांधीजींनी आणि शिरोड्याला महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी मूठभर मीठ उचलले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, मिठावरील कर गेला.

तथापि देशातील आणि देशाबाहेरील सीमांची कथा तेथे संपली नाही. राजस्थान राज्य १९४९ साली एक झाले, तरी जुन्या संस्थानी वळणाची अंतर्गत जकात १९५५ पर्यंत चालू होती. मुंबईच्या वेशीवरील जकातनाके तर १ जुलै २०१७ ला उठले. मालमोटारींच्या त्या रांगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. आतल्या भिंती अशा एकेक करून पडत असता पश्चिमेकडील सीमा मात्र घट्ट होत गेली. जोधपूरहून सिंधकडे जाणारी आगगाडी १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार येथे तुटली, फेब्रुवारी २००६ मध्ये पुन्हा धावली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. त्याच २०१९ साली, फेब्रुवारीत, पुलवामाच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी मालावर भारताने दोनशे टक्के आयातकर बसविला, आणि मे २०२५ मध्ये तेथून होणारी आयात सर्वस्वी बंद केली. एकादशीला आपल्या घरी जे सैंधव वापरतात त्याच्या नावातच सिंधू आहे. पंजाबातील खेवड्याच्या खाणीतून ते पिढ्यान् पिढ्या येत असे. देशाच्या सुरक्षेपुढे उपवासाच्या मिठाची मातब्बरी नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अशा निर्णयाचे ओझे सीमेवरच्या हमालाने, गाडीवानाने आणि ताटातूट झालेल्या कुटुंबाने उचललेले असते, याची जाणीव निर्णयाच्या वेळी असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

संरक्षक जकातीने देशाचे भलेही झाले आहे. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळाले नसते तर या देशात साखर कारखानदारी इतक्या वेगाने उभी राहिली नसती, आणि त्याच पायावर पुढे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला. म्हणून जकात चांगली की वाईट, हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. जकात लावणाऱ्याला ती भरणाऱ्यापुढे जाब द्यावा लागतो काय, हे पाहिले पाहिजे. कुडाळच्या जकातीत राजा आणि प्रजा एका भूमीत होती. सांभरच्या करारात कर ठरविणारा कलकत्त्यात होता आणि भरणारा फुलेऱ्याच्या वाळवंटी वाटेवर. मधे हजारो मैलांचे काटे वाढले ते याच अंतरामुळे. जेथे जाब विचारता येत नाही तेथे कर चुकविला जातो, तो चुकू नये म्हणून पहारा बसतो, आणि पहाऱ्याचा खर्च भागविण्यासाठी पुन्हा कर लागतो.

परप्रांतात राहणाऱ्या माणसाला हे लवकर कळते, कारण त्याचे घर एका बाजूला आणि अन्न दुसऱ्या बाजूला असते. आमच्या मंडळातील अनेक घरांची चूल रत्ने, कापड आणि गालिचे यांच्या व्यापाराशी संबंधित नोकऱ्यांवर चालते. सुटीत गावी जाताना त्याच घरांतून जयपुरी रजया महाराष्ट्रात जातात आणि परतताना कोकणातील आमसुले येथे येतात. या ये-जा करण्याला कोणी परवाना मागत नाही, कोणी झडती घेत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बऱ्हाणपूरच्या चौकीवर ते सुख नव्हते. ते कसे मिळाले आणि त्यासाठी कोणी किती दिले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.