कंबर धरली की

रतनपूरला 1758 साली नागपूरकर बिंबाजी भोसले आले आणि छत्तीसगडात मराठी घरं रुजू लागली. पुढे 1861 ते 1956 रायपूरचा कारभार नागपूरहूनच चालायचा. त्यामुळे कचेरी, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने तिकडची कुटुंबं इकडे येत राहिली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं घर त्यांतलंच. या घरांचा इतिहास निघाला की स्वातंत्र्यलढ्यातले वामनराव लाखे, माधवराव सप्रे यांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण घरातल्या बायकांनी आपली पाठ-कंबर कशी सांभाळली, हे कुणी लिहून ठेवताना मी पाहिलं नाही. आमच्या पिढीबरोबर ते पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आजीची पहाट जात्यावर उजाडायची. दळायला बसताना ती एक पाय लांब सोडायची, दुसरा दुमडायची आणि अर्धं दळण झालं की हातपाय दोन्ही बदलायची. सगळा भार एकाच अंगावर येऊ द्यायचा नाही, हा तिचा दंडक. दळण संपलं की उठून दोन्ही तळवे कमरेवर टेकवायची, सावकाश मागे वाकायची आणि मगच सडा घालायला जायची. शिवणावर फार वेळ बसलेल्या सुनेलाही काहीतरी काम सांगून उठवायची. शेजारच्या छत्तीसगढी घरात ढेंकी होती. ती पायाने चालते, त्यामुळे कांडणारी उभी असायची. पण त्याच बाया निंदणीच्या दिवसांत धानात दिवसभर ओणव्या राहायच्या आणि संध्याकाळी ‘कनिहा पिराथे’, म्हणजे कंबर दुखते, म्हणत आमच्या ओट्यावर टेकायच्या.

त्यांच्यामुळेच आमच्याकडे टोरीचं तेल आलं. टोरी म्हणजे मोहाची बी. हे तेल थंडीत थिजतं, वास उग्र, पण कोमट करून चोळलं की अंग सैल पडतं. त्यावर तव्यावर तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक, नाहीतर निरगुडीचा गरम पाला. उसण भरली तर गल्लीतला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. तेल आणि शेक यांच्यावर माझा भरवसा आहे, पायाळूवर नाही.

बाळंतिणीची कंबर हा तर घराचाच विषय. सव्वा महिना सुंभाची बाज, खाली शेगडी, तीत ओवा टाकायचा, रोज तेल, पोट घट्ट बांधणं, डिंकाचे नि अळिवाचे लाडू. शेजारीण छट्टीला कांके पानी हा काढा करायची, त्यातला पेला आमच्याकडेही यायचा. बाईच्या उभ्या आयुष्यात हक्काची विश्रांती एवढीच. निंदणीला जाणारीला तीही पुरती मिळत नसे, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. 1928 साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, संस्थानातल्या शाळांतही नमस्कार सुरू केले. आमच्याकडेही आजोबा मुलांना ओळीत उभं करून नमस्कार घालायला लावायचे. मुलींना नाही.

मग फळीचा काळ आला. वडिलांची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी लाकडी फळीवर सक्त विश्रांती सांगितली. जोडीला चामड्याचा पट्टा आणि पायांना वजनं. त्या काळी बहुतेक डॉक्टर हेच सांगत. वडील आठवडेच्या आठवडे पडून राहिले, मांड्या वाळल्या, दुखणं तसंच. आजी मात्र रोज म्हणायची, “अरे, जरा ऊठ, अंगणात फिरून ये.”

आजी म्हणायची तेच पुढे तपासलं गेलं. 1995 साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिला, बाकीच्यांना झेपेल तशी रोजची कामं करायला सांगितली. कामं करत राहिलेले सगळ्यांत लवकर सावरले, झोपवलेले सगळ्यांत उशिरा. 2003 मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम गादी बरी ठरली. 2023 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली, पट्टा आणि वजनं लावणं यांची केली नाही. हे वाचताना मला वडिलांची फळी आठवली आणि वाईट वाटलं.

आजीला न कळणारंही पुष्कळ होतं. पाय बधिर होणं, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप येऊन पाठ दुखणं यांवर तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी पायाळूचा पाय म्हणजे घातच.

आता रायपूरच्या तेलीबांधा तलावावर सकाळी चालायला येणाऱ्यांत माझ्या वयाच्या कितीतरी बायका असतात. मध्येच थांबून, तळवे कमरेवर ठेवून मागे वाकतात. घरात नात बाळंत झाली तेव्हा फिजिओथेरपिस्टने तिला दुसऱ्याच दिवशी चालवलं. शेगडी आम्ही ठेवली नाही, धूर बाळाला बाधतो. पोट बांधणंही सोडलं. तेल आणि डिंकाचे लाडू मात्र चालू आहेत, आणि तिला पाजायला बसवताना पाठीशी उशी द्यायचं काम माझं.