प्रेक्षकाची जागा

मोठा सामना जाहीर झाला कीं मैदानावरील खेळ सुरू होण्यापूर्वींच मैदानाबाहेर दुसरा एक खेळ सुरू होतो. तिकिटें कोठें मिळतील याची शोधाशोध. ‘तिकिटें संपलीं’ अशी पाटी. मग ज्याचा कोठें वशिला असेल त्याच्या हातीं तींच तिकिटें. दाराशीं झडती, पाण्याची बाटली जप्त, आणि आंत गेल्यावर जिकडे पाहावें तिकडे जाहिरातींचे फलक. हें सारें अलीकडचें आहे, खेळांत पैसा शिरल्यापासूनचें आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. श्रोतेहो, ती समजूत अर्धीच खरी आहे. जाहिरात नवी असेल. जागेचा तंटा मात्र फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्या वर्धा जिल्ह्याचेंही एक पान आहे.

मुंबईच्या किल्ल्याबाहेरील विस्तीर्ण मैदानावर गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत पारशी व हिंदु मुलें क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर गोऱ्या लोकांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनीं जमीन उकरून निघे. १८७५ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यास मैदानाचा एक भाग मिळालेला होता. तेथें एतद्देशीयांस सभासद होतां येत नसे. पोलो अन्यत्र न्यावा, असा शेंकडों सह्यांचा अर्ज १८८१ सालीं सरकारकडे गेला. पुढें सरकारनें समुद्रकांठच्या जमिनीवर पारशी, मुसलमान व हिंदु जिमखान्यांस निरनिराळे तुकडे दिले. तंटा तात्पुरता शमला. परंतु मैदानाबरोबर खेळाचीही जातवार वांटणी होऊन बसली.

त्याच वांटणीवर पुढील प्रसिद्ध सामने उभे राहिले. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ सालीं हिंदु संघ आला, १९१२ सालीं मुसलमान संघ आला, आणि ‘चौरंगी सामने’ हा मुंबईचा वार्षिक उत्सव बनला. मैदान बॉम्बे जिमखान्याचें. यजमानांस पक्की इमारत, इतर जिमखान्यांस तंबू, आणि ज्यांस तिकीट परवडत नसे त्यांस भोंवतालचीं झाडें! १९३० नंतरच्या दशकांत ए. एफ. एस. तल्यारखान यांचें इंग्रजी धावतें वर्णन नभोवाणीवरून ऐकूं येऊं लागलें, तेव्हां झाडावर न चढतांही सामन्याचा आनंद घेण्याची सोय झाली. क्रिकेटच्या प्रेक्षकास बिनवशिल्याची जागा प्रथम कोणीं दिली असेल तर ती नभोवाणीनें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९३३ सालीं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था निघाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्या हस्तें १९३६ सालीं नव्या क्रीडांगणाचा पाया घातला गेला, आणि डिसेंबर १९३७ मध्यें ब्रेबोर्न स्टेडियम खुलें झालें. आतां तंबू गेले, पायऱ्यापायऱ्यांचीं आसनें आलीं. जागा वाढल्या म्हणजे भांडण मिटेल असें कोणासही वाटावें. घडलें उलट. नव्या क्रीडांगणांत कोणत्या जिमखान्यास किती जागा, यावरून तेढ पडली आणि आपल्या वांट्यास आलेल्या जागा अपुऱ्या म्हणून हिंदूंनीं सामन्यांतून अंग काढून घेतलें. त्याच वर्षीं ख्रिस्ती आदि उरलेल्या समाजांचा पांचवा संघ प्रथमच दाखल झाला होता. त्यामुळें पंचरंगी म्हणून गाजविलेले सामने पहिल्याच वर्षीं प्रत्यक्षांत चौरंगीच राहिले! भांडण जिमखान्यांच्या जागांचें होतें. पदरचे पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकास किती जागा, हा प्रश्न वादाच्या मध्यभागीं नव्हताच. आवडत्या खेळाडूंस मात्र तो मुकला.

आतां वर्ध्याचें पान. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं पवनारचे आचार्य विनोबा भावे यांनीं वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला, आणि पाठोपाठ देशभर पुढाऱ्यांची धरपकड झाली. युरोपांत महायुद्ध पेटलेलें होतें. अशा दिवसांत १४ डिसेंबरपासून मुंबईस पंचरंगी सामने व्हावयाचे होते. ते भरवावे कीं नाहीं, याविषयीं मोठा वाद माजला. तेव्हां हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधी आगगाडीनें वर्ध्यास आले आणि सेवाग्रामवासी महात्मा गांधींचा सल्ला त्यांनीं विचारला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत गांधीजींनीं आपलें मत प्रसिद्ध केलें. त्याचा आशय असा, कीं जग शोकांत असतां अशी करमणूक उचित नव्हे. शिवाय कॉलेजा-कॉलेजांतील किंवा संस्था-संस्थांतील सामने आपण समजूं शकतों, पण हिंदु, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठीं, हें आपणांस कधींच उमगलें नाहीं.

ज्या जिल्ह्यांत गिरडच्या टेकडीवरील शेख फरीदांच्या दर्ग्यास हिंदु व मुसलमान एकाच वाटेनें चढतात, त्या जिल्ह्यांतून हा प्रश्न विचारला जावा हें उचितच होतें. परंतु या निवेदनाची मला विशेष वाटणारी गोष्ट निराळी आहे. विचारावयास आले होते ते जिमखान्याचे पदाधिकारी. उत्तर मात्र गांधीजींनीं मुंबईच्या जनतेस उद्देशून दिलें. आपल्या खेळाचे नियम आपणच तपासून पाहा, असें त्यांनीं लोकांस सांगितलें. १८८१ पासूनच्या तंट्यांत प्रेक्षक हा गणतीचा आंकडा होता. विचार करणारा माणूस म्हणून त्यास उद्देशून बोललेले शब्द या इतिहासांत मला येथेंच आढळतात.

त्या वर्षीं हिंदु संघ खेळला नाहीं. इतरांचे सामने झाले. १९४१ सालीं हिंदु पुन्हा आले. १९४२ च्या चळवळीच्या वर्षीं सामने झाले नाहींत. १९४३ सालीं पुन्हा झाले. त्या वर्षींच्या अंतिम सामन्यांत हिंदूंच्या ५८१ धावांस उत्तर देतांना पांचव्या संघाची पहिली खेळी १३३ धावांत आटोपली. दुसऱ्या खेळींत संघाच्या ३८७ धावांपैकीं एकट्या विजय हजारे यांच्या ३०९ होत्या! सांगलीच्या या ख्रिस्ती मराठी गृहस्थाची फलंदाजी पाहतांना कोणत्या प्रेक्षकास त्याचा धर्म आठवला असेल? लोक गर्दी करतात, त्या अर्थीं त्यांस जातवार सामने हवेच आहेत, असा युक्तिवाद तेव्हां केला जाई. मला तो पटत नाहीं. तिकीट घेणें म्हणजे संयोजकांच्या प्रत्येक व्यवस्थेस मत देणें नव्हे. चांगला खेळ जेथें असेल तेथें माणूस जाणारच. १९४५-४६ च्या हंगामानंतर ते सामने इतिहासजमा झाले.

जातवार संघ गेले; जागेचें भांडण उरलें. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत ब्रेबोर्नवरील जागांच्या वांटपावरून वितुष्ट वाढत गेलें. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष, नागपुराकडचे बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनीं हांकेच्या अंतरावर दुसरें क्रीडांगण उभें केलें. जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजचे क्लाईव्ह लॉईड यांनीं द्विशतक पुरें केलें, तेव्हां अभिनंदनासाठीं धावलेल्या एका प्रेक्षकास पोलिसांनीं मारलें; लोक खवळले आणि खेळ थांबला. मुंबईकरांस आतां दोन क्रीडांगणें झालीं होतीं, पण साध्या माणसाचें स्थान पूर्वींचेंच होतें. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच वानखेडे मैदानावर झाला, तेव्हां सुमारें तेहतीस हजार जागांपैकीं केवळ चार हजारांच्या आसपास तिकिटें सर्वसाधारण विक्रीस निघालीं. उरलेल्या जागांचा मोठा वांटा पुन्हा क्लबांस व क्रिकेटच्या मंडळांसच गेला.

मुंबईसच दोष देऊं नये. नागपुरास नोव्हेंबर १९९५ मध्यें भारत व न्यूझीलंड यांचा सामना चालू असतां क्रीडांगणाची भिंत कोसळून अनेक प्रेक्षक प्राणास मुकले, आणि खेळ तसाच पुढें चालला. २००८ सालीं नागपुराहून वर्ध्यास येणाऱ्या हमरस्त्यावर जामठा येथें नवें भव्य क्रीडांगण झालें. पहिल्याच कसोटीस, जी सौरव गांगुली यांची अखेरची होती, कितीतरी आसनें रिकामीं राहिलीं. शहरापासून दूर, उन्हांतान्हांत जाणें-येणें ज्यास जमेल त्यानेंच यावें! आणि ४ जून २०२५ रोजीं बंगळूरच्या क्रीडांगणाबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरींत अकरा जीव गेले. जागेचा प्रश्न हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे, हें याहून स्पष्ट कोणीं सांगावें?

आश्रयदात्यांविषयीं थोडेंसेंच. पूर्वीं संस्थानिक होते, नंतर सिगारेटच्या कंपन्या आल्या. २००३ च्या कायद्यानें तंबाखूच्या जाहिरातींस बंदी झाली, आणि सिगारेटच्या कंपन्यांच्या जागीं दुसरे व्यापारी आले. पैसा देणारा मानाची जागा मागणारच. त्यांत अनीति नाहीं. मात्र त्यास किती दिलें व लोकांस किती उरलें, हें उघड असलें पाहिजे.

म्हणून माझी मागणी लहानशीच आहे. प्रत्येक सामन्यापूर्वीं एकूण जागा किती, सभासदांस किती, पाहुण्यांस किती आणि विक्रीस किती, याचा तक्ता जाहीर व्हावा. ज्या दारांत पाण्याची बाटली काढून घेतली जाते, त्याच्या आंत पिण्याचें पाणी फुकट मिळावें. वाटा व दारें माणसांच्या संख्येस पुरतील इतकीं रुंद असावीं. आणि प्रेक्षकानेंही, १९४० सालीं वर्ध्याहून आलेला तो शब्द ध्यानीं ठेवून, आपण कशासाठीं टाळी वाजवितों व काय मुकाट्यानें सोसतों, याचा विचार करावा. खेळाडूंस मैदान लागतें, संयोजकांस पैसा लागतो. पण रिकाम्या क्रीडांगणांत झालेल्या सामन्यास उत्सव म्हणत नाहींत. तो उत्सव ज्याच्यामुळें होतो, त्याची जागा त्यास मानानें मिळाली पाहिजे.