पहिलवान आणि कामिन : ‘गँग्स ऑफ वासेपूर’च्या तळाशी असलेला कोळसा

धागा जरा लांब आहे, पण कोळशाची गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही.

अनुराग कश्यप यांचा ‘गँग्स ऑफ वासेपूर’ २०१२ साली दोन भागांत आला. आपल्यापैकी अनेकांना त्यातील वंशावळ तोंडपाठ असेल : शाहिद खान, त्याचा मुलगा सरदार, सरदारचा मुलगा फैजल आणि या तिघांसमोर उभा रामाधीर सिंह. पाच तासांहून अधिक चालणारी ही सूडकथा पाहताना एक छोटा प्रसंग सहज निसटतो. माझ्या मते धनबादचा खरा इतिहास त्याच प्रसंगात आहे.

शाहिद खाणीत मजुरी करीत असतो. घरी पत्नी प्रसूतिवेदनांत तळमळत असते. निरोप घेऊन आलेल्याला खाणीचा पहिलवान आत सोडत नाही. शाहिद घरी पोहोचतो तेव्हा पत्नी गेलेली असते. तो त्या पहिलवानाला ठार मारतो आणि पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास रामाधीर सिंह शाहिदलाच आपला पहिलवान म्हणून नेमतो. माणूस बदलला, जागा तीच राहिली.

आधी थोडे सुलतानाविषयी. चित्रपट १९४१च्या सुमारास सुरू होतो तेव्हा शाहिद ‘सुलताना डाकू’ या नावाने रेल्वेगाड्या लुटत असतो आणि खरा सुलताना वासेपूरचा कुरेशी दाखवला आहे. इतिहासातील सुलताना मात्र भांतू जमातीचा होता, त्याचा वावर आजच्या उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या परिसरात होता आणि इंग्रजांनी त्याला १९२४ साली फाशी दिले. म्हणजे चित्रपट सुरू होण्यापूर्वी सतरा वर्षे तो मेलेला होता. ही चूक मला खटकत नाही. दरोडेखोरांची नावे त्यांच्यानंतरही लोकांच्या तोंडी फिरतच राहतात. खटकते ते पुढचे.

झरियाच्या पट्ट्यात रेल्वे पोहोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि त्यानंतर खाणींची रांगच लागली. पोलादासाठी लागणारा उत्तम कोकिंग कोळसा देशात प्रामुख्याने येथेच मिळतो. तो काढणाऱ्यांत संथाळ, बाउरी अशा जवळपासच्या समाजांचे लोक होते, तसेच बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि छत्तीसगढकडून आलेलेही. कोळसा तोडणाऱ्या पुरुषाला ‘मलकट्टा’ म्हणत आणि स्त्री मजुराला ‘कामिन’. पुष्कळदा ही दोघे नवरा-बायको असत. त्याने तोडायचे, तिने टोपलीत भरून ‘टब’पर्यंत, म्हणजे रुळांवरच्या छोट्या गाडीपर्यंत, वाहायचे. मजुरी टबांच्या हिशेबाने. खाणीतील घराणे कोणते, असे कोणी विचारले तर मी प्रथम या जोडप्याकडे बोट दाखवीन.

स्त्रियांनी जमिनीखाली काम करू नये, असा नियम १९२९ साली झाला. टप्प्याटप्प्याने १९३०च्या दशकातच त्यांना खाणीतून बाहेर काढण्यात आले. मग महायुद्ध आले. मजूर लष्करी बांधकामांवर अधिक पैसा मिळतो म्हणून निघून गेले, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ साली सरकारने बंदी उठवली. कामिन पुन्हा खाली उतरली.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते कोणाकडे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या प्रश्नावर त्यांच्या सरकारला धारेवर धरण्यात आले. बंदी उठवणे हा युद्धकाळापुरता उपाय आहे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळेल, अशी त्यांची बाजू होती. त्याच वर्षी कोळसा खाणीतील मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. बंदी पुन्हा लागू झाली १९४६ साली. बाबासाहेबांच्या चरित्रांत हा निर्णय ओझरता येतो, कारण तो अवघड आहे. पण त्यांना समजून घ्यायचे तर अवघड निर्णयही वाचावे लागतात.

आता शाहिदच्या पत्नीकडे परत या. खाणीतील स्त्री मजुरांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला तो १९४१ साली, म्हणजे चित्रपटाची कथा सुरू होते त्याच सुमारास. पडद्यावरची बाळंतीण घरात मरते आणि तिच्या मरणातून एका पुरुषाची सूडकथा जन्म घेते. त्याच वर्षांत प्रत्यक्षात कित्येक स्त्रिया डोक्यावर टोपली घेऊन त्या खाणीत होत्या. त्यांच्या वंशावळी कोणी काढल्या नाहीत.

राष्ट्रीयीकरणाचा भाग चित्रपट भरभर उरकतो. इंदिरा गांधींच्या सरकारने ऑक्टोबर १९७१ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचा कारभार हाती घेतला. १९७२ साली दोनशेहून अधिक खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि १९७३ साली उरलेल्या कोळसा खाणींची पाळी आली. पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांचा यामागे मोठा वाटा होता. खाजगी मालक सुरक्षेवर खर्च करीत नाहीत, वरवरचा सोपा कोळसा ओरबाडतात, मजुरी बुडवतात, हे आरोप खोटे नव्हते.

मात्र मालक गेला तरी त्याचा पहिलवान कोठे जाणार? सरकारी नोकरी म्हणजे पक्का पगार. कारभार बदलण्याच्या गडबडीत हजेरीपटावर नावे बदलली. दांडगाई करणाऱ्यांनी आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे घुसवली आणि कित्येक स्थानिक मजूर, त्यांत आदिवासी आणि स्त्रिया, बाहेर फेकले गेले. पुढे सत्ता कोळशाच्या मालकीत राहिली नाही. ती वाहतुकीचे ठेके, भरणीचे ठेके आणि मजूर संघटना यांत गेली. १९७९ साली धनबादमध्ये मजूर नेते बी. पी. सिन्हा यांचा त्यांच्या घरात खून झाला.

याच शहरातला आणखी एक माणूस चित्रपटात नाही. ए. के. राय. सिंद्रीच्या खत कारखान्यातील रसायन अभियंता, जो मजुरांच्या बाजूने उभा राहिला. शिबू सोरेन आणि बिनोदबिहारी महतो यांच्याबरोबर झारखंड चळवळीच्या उभारणीत तो होता, आणि १९७७ साली धनबादने त्याला लोकसभेत पाठवले. वासेपूरच्या गोळीबारात त्याला जागा नव्हती हे दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य, मान्य. परंतु धनबाद म्हणजे केवळ गुंडांचे गाव असे म्हणणाऱ्या मित्रांना मी त्याचे नाव आवर्जून सांगतो.

२७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथील खाणीत पाणी शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास मजूर बुडाले. यश चोप्रांचा ‘काला पत्थर’ त्या दुर्घटनेवर बेतलेला आहे. तो पाहिला नसेल तर वासेपूरच्या जोडीने जरूर पाहा; एकात खाण बंदुकीमागे दिसेनाशी होते, दुसऱ्यात ती समोर उभी राहते.

झरियाच्या जमिनीखाली १९१६ पासून नोंदवलेली आग अद्याप धुमसते आहे. तिच्यावर पुढचा धागा.