बदामराणीचा फोटो

श्रोतेहो, जुना फोटो पाहिला की आपण चटकन म्हणतो, "हे असं घडलं!" पण जरा थांबावं.

ही हकीकत पॅरिसची. इटलीत १८३७ साली जन्मलेल्या काउंटेस कास्तिल्योनेच्या रूपाची तिथे मोठी ख्याती होती. सम्राट तिसऱ्या नेपोलियनशीही तिची जवळीक झाली. १८५७ मध्ये एका वेषांतराच्या समारंभाला ती पत्त्यांतली बदामराणी होऊन गेली. त्या काळी फोटोसाठी माणसाला निश्चल उभं राहावं लागे. नाचाचा फोटो निघणार कसा? म्हणून १८६१ नंतर पियेर-लुई पियेर्सन या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत तिने पुन्हा बदामराणीचा वेष केला. असे चारशेंहून अधिक फोटो तिने काढवून घेतले. वेष, आविर्भाव सारं तीच ठरवी. १८७० मध्ये सम्राटाची सत्ता गेली, पुढे तिचं रूपही ओसरलं. तरी पन्नाशी उलटल्यावर ती पुन्हा पियेर्सनकडेच गेली.

तेव्हा त्या फोटोत समारंभाची रात्र नाही. त्या रात्रीची तिला हवी तशी आठवण आहे. म्हणून तो फोटो खोटा नव्हे, साक्ष मात्र निराळी. शिक्षकबंधुभगिनींनी मुलांना एवढं विचारायला शिकवावं: फोटो कधी काढला आणि कुणी काढवला?